ट्रॉम्सो, डिसेंबर

डिसेंबरात इथे सूर्य उगवत नाही,
आणि माझी खाज रात्रीच वाढते.
हिशेब तुम्हीच करा.

सोल्वी म्हणाली, मोजे ओले करून फ्रीजरमध्ये ठेव,
मग घाल.
अकरा वर्षं झाली तिला. तिचं यकृत म्हणजे
कुंपणानंच खाल्लेलं शेत.
डॉक्टरीणबाईंपुढे नाही, हे तिनं
लायब्ररीच्या वरच्या खोलीत सांगितलं,
गुरुवारी, कॉफी ओतता ओतता.

ओडवार बस चालवायचा.
स्टिरॉइडनं गाल फुगले तेव्हा नातू म्हणाला,
आजोबा, तुम्ही कोणाला गिळलंत?
आम्ही हसलो.
तोही हसला, जरा उशिरा.

नवी मुलगी, इंगुन,
कोट न काढता दाराशी बसून राहिली.
कुणी तिला काही विचारलं नाही.
मी गोळ्यांची डबी उघडली, सात वारांचे सात कप्पे.
मंगळवारची गोळी तशीच.
"विसरलात," ती म्हणाली.
तेवढंच बोलली.

घरी येऊन मी मोजे ठेवले
कोळंबीच्या पिशवीशेजारी.

रात्री तीनला फोन. इंगुन.
मोजे किती वेळ ठेवायचे?

मी जागीच होते.