उणे सात

कांकालच्या किनाऱ्यावर
भरती मोजणारी जुनी लायब्ररी
चुकली तरी ओरडत नाही.
उणे सात म्हणते
आणि रुसल्यासारखी गप्प बसते.

नोल्वेनने तिच्यावर पायथॉनचं वेष्टन चढवलं.
बेचाळीस मेथड,
प्रत्येकीच्या पोटात तोच ट्राय, तोच एक्सेप्ट.
त्रेचाळिसावीपाशी हात थांबला.

मग एकच डेकोरेटर लिहिला:
प्रत्येक मेथडच्या डोक्यावर एक ओळ,
आत फक्त तिचं तिचं काम,
आणि ती पडलीच तर झेलायला
उंबऱ्यावर कुणीतरी उभं.
कोड निम्मा झाला. नोल्वेन लवकर घरी गेली.

झेलणाऱ्याने झेललं, आणि गिळलं.
उणे सातच्या जागी
सकाळचाच आकडा दिला, ओहोटीचा, मोठ्या अदबीने.
कालवांच्या वाफ्यात ट्रॅक्टर होता.
माणसं पळाली, ट्रॅक्टर राहिला;
संध्याकाळी पाण्यावर नुसतं स्टिअरिंग.

ती तांगीकडे गेली,
ज्याने तीस वर्षांपूर्वी लायब्ररी लिहिली होती.
तो कालवं फोडत होता.
"उणे सात? खेकड्यांनी केबल कुरतडली.
आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.
दुसरा वारला."

ओळ अजून तिथेच आहे, मेथडच्या डोक्यावर.
पण आता ती काही गिळत नाही,
मेथडचं नाव घेते, वेळ सांगते,
आणि एरर वर फेकते, मोठ्याने:
खेकड्यांनी केबल कुरतडली.

नव्या पोराला वाटतं, हा विनोद आहे.
वाटू दे.
केबल बघायला तो जातो.