रिझर्व्ह

गाडी डावीकडे कलवायची,
जमिनीला कान लावल्यासारखी,
मग सरळ, मग किक.
गोळीबार मैदानाजवळच्या रस्त्यावर शिकवलंस हे,
रविवारी सकाळी साडेसहाला,
आई उठायच्या आत.
"हँडल इतकं घट्ट धरू नकोस ठमे,
गाडी कुठे पळून जात नाही."
पळालीच ती. कण्हेरीत घुसली.
तू आधी गाडी उचललीस, मग मला,
आणि तेवढ्यावरून चार दिवस
मी तुझ्याशी बोलले नाही.

दापोडीच्या वर्कशॉपमधून परतताना
पेट्रोल कायम पन्नास रुपयांचं.
बोपोडीच्या सिग्नलला गाडी आचके द्यायची,
तू वाकून खटका फिरवायचास,
"रिझर्व्हला आहे अजून. पोचतो."
माझं लग्न, बाबांचं ऑपरेशन,
तुझं स्वतःचं राहून गेलेलं बरंच काही,
सगळ्याला हे एकच उत्तर.

ससूनमध्ये तुझं मनगट धरून बसले होते.
सिस्टर म्हणाल्या, "ताई, हात सैल सोडा,
सलाइन अडकतंय."
तू डोळे मिटूनच हसलास.
सिस्टरना वाटलं, गुंगीत असेल.

आज नाना पेठेत गाडी दिली, दादा.
डिकीत निघालं ते:
एक प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा,
मुदत संपलेली पीयूसी,
आणि फडकं. माझ्या आठवीच्या युनिफॉर्मचं,
निळं, खिशासकट.
खिशात काही नव्हतं.
पाहिलं मी तरी.

गॅरेजवाल्या इलियासने आरसी बुक वाचलं,
"मुकुंद दशरथ शेवाळे.
हे सहीला स्वतः येतील ना?"
मी दाखला पुढे केला.
त्याने तो नीट घडी घालून परत दिला,
आणि बराच वेळ टायरच बघत राहिला.

"सात महिने बंद आहे, चालू नाही व्हायची,"
मी म्हणाले, जरा ठासूनच.
त्याने खटका फिरवला. कलवली डावीकडे.
दुसऱ्या किकला धूर ओकत सुरू झाली,
परक्या माणसासाठी.
मी घातलेली प्रत्येक किक
वाया गेली होती.

बसने घरी आले.
हाताला ऑइलचा वास होता.
रात्रीपर्यंत तसाच ठेवला,
मग कणीक मळायची होती.