तीन मीटर

येलदरीच्या भिंतीवर मी उकिडवा,
दोर माझ्या हातात.
दुसऱ्या टोकाला मुंजाजी, बहिणीचा लेक,
सत्तावीस मीटरवर गेटच्या रबराशी झटतोय.

मांडीवर माझा तक्ता.
कोपऱ्याला हळद,
भाकरीच्याच पिशवीतून यायचा तो कायम.
उभी खोली, आडवा वेळ,
बोट अडेल तिथं थांबायचं.
मधेच चार हात वर येऊन काम केलंस
तरी तो म्हणणार, तू तळालाच होतास.
सूट नाही.

मुंजाजीच्या मनगटावर डबीएवढं यंत्र.
ते घडीघडीला विचारतं,
आता कुठं आहेस?
मला असं कुणी कधी विचारलं नाही.

अठ्ठावीस मिनिटं.
तक्ता म्हणाला, सरळ वर घे.
मी चार हिसके दिले.
दोर आला, आला,
आणि थांबला.
खालून एकच हिसका: ठीक आहे.
तीन मीटरवरून बुडबुडे येत राहिले, पोरगं येईना.

ठेकेदाराचा माणूस म्हणला, काहून अडकलं हे?
म्हणलं, गोटी सोडा पाहिलाय का जिंतूरच्या स्टँडवर?
एकदम फोडला तर फेस अंगावर.
तो हळू फोडतोय.
असं बोललो खरा,
पण हातातला तक्ता तर म्हणत होता, गरज नाही.

वर आला, चष्मा काढला, म्हणाला,
मामा, तुमचा तक्ता समुद्राचा आहे.
आपण समुद्राच्या साडेचारशे मीटर वर.
इथली हवाच पातळ.

मी समुद्र पाहिलेला नाही.
वीस वर्षं समुद्रातून वर येत होतो मात्र,
कागदावर.
आणि हा डावा खुबा,
रात्री अडीचला उठवणारा,
परभणीच्या डॉक्टरनं ज्याला वात म्हणून गोळ्या दिल्या,
तो मुकाट ऐकत होता.

चिडलो नाही. विचारलं,
तुझ्या यंत्राला ठाऊक आहे का,
काल लेकरू तापलेलं, तू डोळा लावला नाहीस?
त्यानं मनगटाकडं पाहिलं.
नाही, म्हणाला.
मग आणखी दोन मिनिटं थांबायचं होतंस.
हाव, मामा.

दवाखान्यातलं ते दाबाचं यंत्र मुंबईला,
आमच्या जीपमधे परभणीपुरतं डिझेल.

भाकरी सोडली. तक्ता पुसला.
वरच्या कोऱ्या पट्टीवर 'येलदरी' लिहायला गेलो,
एक ओळ पुढची धरायची, एवढं लक्षात राहावं म्हणून.
प्लॅस्टिकवर पेन उमटेना.
नखानं ओरखडलं.