जरासा ताठा

वेइक्कोच्या पोटात, कातडीखाली,
आइस हॉकीच्या चकतीएवढा पंप.
तिथून बारीक नळी पाठीच्या कण्यात,
थेंब थेंब औषध, रात्रंदिवस.

आधी मोजे घालायचे म्हणजे
दोन गुडघ्यांमध्ये कोपर खुपसून कुस्ती.
आता पाय कसे,
भिजल्या दोरासारखे, वळवू तिकडे वळतात.

तुर्कूच्या डॉक्टरीणबाई खूश. मीही.
हा मात्र गप्प.

परवा म्हणाला,
“त्या ताठ्यावरच तर उभा राहायचो गं,
दाढीपुरता, बेसिनला धरून.”

बाईंनी यंत्र पोटावर टेकवलं,
आकडा किंचित खाली आणला.

आज सकाळी
पाय थरथरले, आखडले,
आणि उभा राहिला.
गालावर फेस, बाहेर अजून अंधार.

मोजे अवघड जाणार आज.
जाऊ देत.