ओला, सुका

सकाळी सातला छावणीत गाडी येते, गाणं लावून.
दोन डबे घेऊन मी उतरते. ओला, सुका.
इंदूरनं एवढं शिकवलं, एकसष्टाव्या वर्षी.

लघाटेबाईंशी मार्चपासून अबोला.
नळाचं भांडण.
रविवारी उपासनेत क्षमेची ओळ आली की
ओठ हलवते नुसते.

आज त्या जिन्यावर, गुडघा धरून.
डबा दारातच, गाडी निघायच्या बेतात.

उचलला मी. गळत होता.
साडीवर कांद्याचं पाणी.
मनात म्हटलं, प्रभू, बघतोयस ना?
आणि लाज वाटली त्या ‘बघतोयस ना’ची.
हे कुठल्या डब्यात टाकतात
ते गाडीवाला सांगत नाही.

वर आले. लघाटेबाई म्हणाल्या,
“झाकण खालीच राहिलं की हो.”

मी पुन्हा जिना उतरले.