रिव्हर्स टाकजो

सुकेशनी, आंगठा स्टेरिंगच्या आत घालू नोको.
वरतं ठेव, भाकर उलटवतानी ठेवते तसा, मोकया.
पुढच्या चाकाले टक्कर बसली का स्टेरिंग उलटं फिरते
अन् आंगठा घेऊन जाते. देवानंदचा गेला मांगच्या साली,
अजूनही थो खर्रा डाव्या हातानं घोटते.

खिडक्यायचे काच काढले. दरवाजे साखयीनं बांधले.
टाकी काढून पाच लिटरची कॅन सीटमांगं तारेनं आवयली.
रेडिएटरात दोन मुठी हयद टाकली,
बारीक भोक असलं तं बुजवते थे.
तुह्या मामीनं पाह्यलं अन् म्हने,
लगन हाय का गाडीचं?

आता आयक.
जिनिंगच्या आवारात रफिकभाई टँकर ओतून ठेवीन,
कोनी जोरात धावू नये म्हनून.
कायी माती हाय,
सासुरवाडी जावयाले सोडत नाई तशी टायरले सोडत नाई.
टँकरची तोटी जिथं होती थो कोपरा टायजो.
शिटी वाजली का सारे मधात घुसते.
तू घुसू नोको.
भिंतीच्या कडेकडेनं फिरत राय,
थांबू नोको, पर घाईही नोको.
पंगतीत पैल्या वाढीलेच जो पोट भरून घेते
त्याले मांगून येनारी बुंदी नुस्ती दिसते.

अन् मारतानी रिव्हर्स टाकजो.
बोनेट मारासाठी नाई, जपासाठी हाय.
मांगची बाजू दे.
थे मजबूत हाय, मले मालूम हाय,
बावीस वर्सं घाटंजी-पांढरकवडा
मांगच्या पायरीवर आठ आठ जन लटकले,
कापसाचे गाठोडे, शायेचे पोट्टे,
एक डाव तं बँडवाल्याचा मोठा ढोल,
कुरकुरली नाई.

निशाना पुढच्या चाकावर.
टाय रॉड वाकला का सुमो काय अन् अँबेसिडर काय,
जाग्यावरच फिरते, घान्याच्या बैलावानी.
ड्रायव्हरच्या दरवाज्यावर मारासाठी मनाई हाय.
मनाई नसती तरी नाई मारायचं.
टक्कर येतानी दिसली का दात दाबून घे, मान सीटले टेकव,
अन् बोनेटवरची काडी संभाय, लाल चिंधीची.
काडी मोडली, तू गेली.

बावीस वर्सं म्यां यातलं एकही नाई केलं.
साइड देली. वयनावर हॉर्न देला.
म्हशीले, सायकलीले, वरातीले जागा देली.
एक ओरखडा पडला तं रातभर झोप नाई.
आता परमिट संपलं, भंगारवाले अठरा हजार सांगते,
म्हनून तुले हे शिकवून रायलो
अन् तोंडात शब्द अटकते.

शिटी वाजली अन् पोट्टी सिद्दी मधात.
मी जिनिंगच्या भिंतीवरून बोंबलून रायलो, रिव्हर्स! रिव्हर्स!
आयकते कोन.
इंदल राठोडच्या सुमोले तिनं समोरासमोर देली.
वाफ उठली, पिवयी,
साऱ्या आवारात वरनाले फोडनी देल्याचा वास.

मंग तिले आठवलं.
मंग मांगं घेतली, अन् मांगंच घेत गेली,
मान वयवून, एक हात सीटवर,
फाट्यावर मी गाडी लावतो तशी.
दोन गेल्या. देवानंदही गेला.
शेवटी काडी तिचीच मोडली. बोकड इंदलनं नेला.

ट्रॅक्टरनं ओढत आनली गाडी.
तिचं तोंड कायं, दात पांढरे, आंगठा साबूत.
सायखेड्याच्या फाट्यावर एका बुढीनं हात दाखवला.
बोनेट नाई, काच नाई, एक चाक वाकडं,
पर रंग तं थोच.
घाटंजी? म्हने.
ट्रॅक्टरवाला हासला.
मी उतरलो, मांगच्या दरवाज्याची तार सोडली.
बसा माय, म्हनलो. जागा हाय.