तिसरी ब : उंची, वजन, शेरा

काटा पलीकडच्या शाळेतून मागून आणायचा.
काच तडकलेली, शून्याच्या थोडा पुढेच उभा असतो तो,
मी प्रत्येकातून पाऊण किलो वजा करते.
भिंतीआड माग खटखटतात,
आकडे ओरडून सांगावे लागतात
आणि सगळा वर्ग ऐकतो.

भार्गवी येमूल चढण्याआधी चप्पल काढते,
मग रिबिनी, मग कानातल्या रिंगा.
अगं, रिबिनीला कसलं आलंय वजन?
"असतं बाई."
घरी आत्या तेलुगूत लावु म्हणते, शाळेत पोरं जाडी.
दोन्ही भाषा तिला चांगल्या येतात.

तिच्या मागे बसलिंग. आडनाव हत्तुरे, अंगाने काडी,
वर्गाला एवढं पुरतं.
चालताना त्याचे खिसे वाजतात :
मामाच्या मागावरचे चार नट, एक रिकामी बॉबिन.
एकोणीस किलो तीनशे.
मी नट वजा करत नाही.

मधल्या सुट्टीत पाहिलं,
पाण्याच्या टाकीमागे तिची खिचडी त्याच्या ताटात,
वर घरची कडक भाकरी मोडून, शेंगाचटणीसकट.
तिला कमी व्हायचंय, त्याला जास्त.
व्यवहार चोख. तो भराभर गिळतो,
ती बोटाला लागलेली चटणी
चाटावी की पुसावी, याचा विचार करते.
मग फ्रॉकला पुसते.

गॅदरिंगच्या नाचात तिला मागच्या रांगेत
मीच उभी केली होती.
उंच आहेस ना, म्हणून, असं म्हटलं होतं.
आज माझ्याच अक्षरात लिहिलंय :
एकशे एकवीस सेंटिमीटर.
पुढच्या रांगेतल्या चौघी तिच्याहून उंच निघाल्या.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकलं,
एक ठिपका उमटला, तेवढाच.

"माझे वडील" वर तिने पाच ओळी लिहिल्या होत्या,
त्यातली चौथी :
पप्पा चादर हातावर तोलतात आणि म्हणतात,
जड आहे म्हणजे सूत खरं,
हलकी चादर दोन धुण्यांत जाते.
मी पैकीच्या पैकी दिले होते.
पाचवी ओळ तिने खोडली होती,
उजेडात धरूनही वाचता आली नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन टाकीमागे गेले, त्यांच्यात बसले.
काय काय बोलायचं, ते रात्री ठरवून ठेवलेलं.
झाकण उघडलं.
दोन काकड्या, मूठभर मोड आलेले मूग.
भार्गवी डब्याकडे बघते, मग माझ्याकडे,
मग पुन्हा डब्याकडे.
"बाई, तुम्हीपण?"

ठरवलेलं सगळं घशातच राहिलं.
उठले. पोरांच्या रांगेत शेवटी उभी राहिले,
हातात शाळेचं ताट, कडेला पोचा आलेलं.
मागे बसलिंगचे खिसे वाजले,
म्हणजे दोघंही आलेत बघायला.
अंबूबाईंनी डाव पातेल्यात बुडवला, वर धरला.
"बाई," त्या म्हणाल्या,
"किती वाढू?"